झिंकची तिसरी बाटली

पत्र :

डॉक्टर मॅडम, स. न.

माझी मुलगी पुढच्या आठवड्यात नऊ महिन्यांची होईल. साडेसात महिन्यांची असताना तिला जोरात जुलाब झाले. आमच्या डॉक्टरांनी ओआरएस आणि झिंकचं सिरप दिलं, रोज ५ मिली, चौदा दिवस. चौथ्या दिवशी जुलाब थांबले, तरी मी चौदा दिवस पूर्ण केले. नंतर तिला इतकी छान भूक लागायला लागली की बाटलीत उरलेलंही देऊन टाकलं. तिला भरवायचं काम सासूबाईंकडे आहे. त्या म्हणाल्या, ‘औषधानं पोर बाळसं धरतंय, तर बंद कशाला करायचं?’ मग मेडिकलमधून दुसरी बाटली आणली, चिठ्ठी कुणी मागितली नाही. आता तिसरी चालू आहे. शेजारी तिच्याच वयाचा मुलगा नऊ किलोचा आहे, आमची ७ किलो २०० ग्रॅम. मी आणि हे, दोघंही बुटके, त्यामुळे उंचीची काळजी वाटते. झिंकनं उंची वाढते असं मोबाइलवर पाहिलं. वर्षभर दिलं तर चालेल का? रक्तातलं झिंक तपासून घेऊ का? मी गोळ्या घेतल्या तर अंगावरच्या दुधातून तिला मिळेल का? घर माळकरी आहे, अंडं-मटण उंबऱ्याच्या आत येत नाही. आशाताईंनी लोहाची बाटली दिली होती, पण त्यानं शी काळी व्हायला लागली म्हणून बंद केली. कार्डाचा फोटो सोबत पाठवते.

— एक आई, बार्शी

उत्तर :

ताई, आधी उत्तर देते, कारणं मागाहून. झिंक आजपासून बंद करा. हळूहळू कमी करत आणायची भानगड नाही, उद्या सकाळी चमचा भरायचा नाही, एवढंच. आणि जे झालं त्यानं पोटात गोळा येऊ देऊ नका. जुलाब थांबल्यावरही चौदा दिवसांचा कोर्स पूर्ण करणारी आई मला महिन्यातून एखादीच भेटते, तुम्ही त्यातल्या आहात. फक्त उतरायचं स्टेशन मागं पडलं.

बाटलीचा हिशेब करू. १०० मिलीची बाटली, रोज ५ मिली. चौदा दिवसांत ७० मिली गेलं, ३० उरलं, ते सहा दिवस पुरलं. दुसरी बाटली वीस दिवस. म्हणजे तिसरीचं सील फोडलं तेव्हा चाळीस दिवस झालेच होते. आता बाटली हातात घेऊन लेबल वाचा. झिंक सल्फेट, झिंक ॲसिटेट असं काहीतरी नाव असेल आणि जवळच ‘एलिमेंटल झिंक’ इतके मिलिग्रॅम असं लिहिलेलं असेल. डोस ठरतो तो या आकड्यावर. बऱ्याच सिरपांत ५ मिलीत २० मिलिग्रॅम असतं, काहींत १०. तुमच्या डॉक्टरांनी ५ मिली लिहिलंय त्यावरून तुमचं २० वालं असणार.

तुमच्या लेकीच्या वयाला झिंकची रोजची गरज ३ मिलिग्रॅमच्या आसपास असते. रोज आणि बराच काळ पोटात गेलं तरी हरकत नाही, अशी वरची मर्यादा अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी सात ते बारा महिन्यांच्या बाळांसाठी ५ मिलिग्रॅम धरली आहे. ती सावधपणे धरलेली आहे हे खरं. जुलाबात आपण २० देतो ते मुद्दाम, मोजून चौदा दिवस, कारण पातळ शीतून झिंक वाहून गेलेलं असतं आणि आतड्याचं अस्तर नव्यानं भरून यायचं असतं. तेच २० महिनोन्‌महिने गेलं की शरीरातल्या तांब्याशी (कॉपरशी) भांडण सुरू होतं. झिंक जास्त झालं की आतड्यातल्या पेशी एक प्रथिन जास्त बनवायला लागतात, आणि ते प्रथिन तांब्याला झिंकहूनही घट्ट धरून ठेवतं. आतड्याच्या पेशी काही दिवसांत झडतात, त्यांच्याबरोबर धरलेलं तांबंही शीवाटे निघून जातं. असं फार दिवस चाललं तर रक्त कमी होतं, पांढऱ्या पेशी घटतात, आणि लोह कितीही पाजलं तरी हिमोग्लोबिन हलत नाही.

सहा-सात आठवड्यांत सहसा एवढं होत नाही. पण डॉक्टरांपासून लपवू नका. पोरगी पांढुरकी दिसत असेल किंवा सारखी आजारी पडत असेल, तर ते एक साधी रक्ताची तपासणी करायला सांगतील.

आता सासूबाईंचा मुद्दा. तो मी हसण्यावारी नेणार नाही, कारण त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय : औषध चालू होतं आणि पोर भरत होतं. तुमच्या कार्डावर जन्माचं वजन २ किलो ७००, सहा महिन्यांचं ६ किलो ५००, सातव्याला ६ किलो ८००. जुलाबानंतर पुन्हा ६ किलो ५००. आणि आता ७ किलो २००. हे ठिपके जोडून बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात नऊ महिन्यांच्या मुलींचं मधलं वजन ८ किलो २०० आहे, आणि ६ किलो ५०० च्या खाली गेली तर आम्ही कमी वजनाची म्हणतो. तुमची लेक जन्मापासून मधल्या रेषेच्या थोडी खालून, तिच्याशी समांतर चालली आहे. जुलाबात ती घसरली आणि नंतर आपल्या वाटेवर परत आली. आजारातून उठलेलं बाळ महिना-दीड महिना असं अधाशासारखं खातं आणि गेलेलं भरून काढतं. पहिल्या पंधरवड्यात झिंकचा हात असेलही. पुढच्या महिन्याचं श्रेय मात्र भरवणाऱ्या आजीला द्या, आणि हे त्यांना वाचून दाखवा.

शेजारच्या मुलाचं म्हणाल तर तो मुलगा आहे, त्याचा तक्ताच वेगळा. कार्डात मुलांचा निळा आणि मुलींचा गुलाबी असतो तो शोभेसाठी नव्हे. नऊ महिन्यांच्या मुलग्यांचं मधलं वजन ८ किलो ९०० आहे. तो बरोबर मध्यावर आहे, तुमची तिच्या रेषेवर आहे. दोघांना एका पारड्यात घालू नका.

झिंकनं उंची वाढते हे मोबाइलवर पाहिलंत, ते अगदीच हवेतून आलेलं नाही. त्यामागं एक गोष्ट आहे आणि ती मला फार आवडते. आनंद प्रसाद नावाचे डॉक्टर, मूळचे बिहारमधल्या बक्सरचे, पाटण्याला शिकले आणि पुढं अमेरिकेत गेले. १९५८ साली ते इराणमध्ये शिराझला होते. तिथं त्यांच्यापुढं एकवीस वर्षांचा एक तरुण आणला गेला, जो दिसायला दहा वर्षांचा पोरगा होता. अंगात रक्त नाही, वयात आल्याची एकही खूण नाही. खाणं काय, तर कोंड्यासकट पिठाची रोटी, आणि जोडीला रोज अर्धा किलोच्या आसपास माती. मांस जवळजवळ नाहीच. रक्त कमी असण्याचा उलगडा लोहानं होत होता, पण खुंटलेल्या वाढीचा होत नव्हता. माणसाला झिंक कमी पडू शकतं हे तोवर कुणी फारसं मानत नव्हतं. प्रसादांना तो संशय आला. पुढं इजिप्तमध्ये अशाच खुरटलेल्या मुलांवर त्यांनी काम केलं, आणि ज्यांना झिंक मिळालं ती मुलं नुसतं लोह मिळालेल्यांपेक्षा भराभर वाढली.

मोबाइलवरच्या सगळ्या ‘हाइट बूस्टर’ गप्पांचं मूळ इथं आहे. पण ती मुलं वर्षानुवर्षं झिंकवाचून राहिलेली होती. कोरड्या विहिरीत चार घागरी ओतल्या तर पाणी दिसतं, भरलेल्या विहिरीत ओतल्या तर काठावरून सांडतं.

मग साध्या, बऱ्यापैकी खात्यापित्या बाळांचं काय? विकसनशील देशांतल्या पाच वर्षांखालच्या मुलांवर झालेले बरेच प्रयोग २०११ साली इमदाद आणि भुट्टा या संशोधकांनी एकत्र मांडले. रोज १० मिलिग्रॅम झिंक, २४ आठवडे. उंचीत पडलेला सरासरी फरक : ०.३७ सेंटिमीटर. गव्हाच्या दाण्याइतकाही नाही. लाखो मुलांच्या हिशेबात सरकारला हा आकडा मोलाचा वाटू शकतो, त्यात काही चूक नाही. एका मुलीच्या आईला तो दिसायचासुद्धा नाही. आमच्याकडं बाळाची लांबी मोजतात तेव्हा आजी डोकं फळीला टेकवून धरते, सिस्टर गुडघे सरळ करते, आणि बाळ तेवढ्यात कुल्ला उचलतं. त्या एका हिसक्यात अर्धा सेंटिमीटर इकडचा तिकडं होतो. तुमच्या कार्डावर ६७ सेंटिमीटर लिहिलंय. त्या वयाचा मधला आकडा ७० च्या जरासा वर आणि काळजीची रेषा ६५ च्या जरा वर. आईबाप बुटके, लेक तिच्या वजनाला साजेशी. मला इथं औषधाचं काम दिसत नाही.

आपल्याकडं झिंकची कमतरता नाहीच असं मात्र नाही. २०१६ ते १८ मध्ये देशभर लहान मुलांच्या पोषणाची मोठी पाहणी झाली, त्यात एक ते चार वर्षांच्या मुलांपैकी १९ टक्क्यांना झिंक कमी निघालं. त्याच पाहणीत त्याच वयाची ४१ टक्के मुलं रक्तानं कमी होती. हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवा. मग तुमच्या घरात कोणती बाटली चालू राहिली आणि कोणती बंद पडली ते आठवा.

लोहाची बाटली पुन्हा काढा. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत आठवड्यातून दोनदा १ मिली, असा सरकारी कार्यक्रम आहे. एका डोसात २० मिलिग्रॅम लोह असतं. शी काळी होते ती न शोषलेल्या लोहामुळं. दिसायला वाईट, बाकी काही नाही. दूध पाजल्या पाजल्या देऊ नका, आणि मंगळवार-शुक्रवार असे वार ठरवून टाका म्हणजे विसरत नाही. पुढं कधी झिंक चालू असेल तेव्हा दोन्ही एका वेळी देऊ नका, आतड्यात शिरताना ती एकमेकांना अडवतात. एक सकाळी, एक संध्याकाळी. नऊ महिन्यांच्या, अंगावर पिणाऱ्या, शाकाहारी घरातल्या बाळाबद्दल मला एकाच गोष्टीची धास्ती बाळगायची मुभा दिली, तर मी लोहाची बाळगीन.

रक्तातलं झिंक तपासू नका. पैसे जातील आणि हाती काही लागणार नाही. साधा ताप-सर्दी असली तरी रक्तातलं झिंक खाली येतं, जेवणाआधी-नंतर बदलतं, आणि रक्त घेतलेल्या नळीच्या रबरी बुचातून चार कण मिसळले की वर जातं. हजार मुलांच्या पाहणीत ही तपासणी कामाची, एका बाळाबद्दल तिच्यावर विसंबून काही ठरवता येत नाही.

तुम्ही गोळ्या घेऊनही फारसं काही साधणार नाही. चिकाच्या दुधात झिंक भरपूर असतं, मग ते महिन्यागणिक उतरत जातं, आणि आई काय खाते याच्याशी त्याचा संबंध थोडाच. जन्मताना बाळ यकृतात थोडी पुंजी घेऊन येतं. ती आणि अंगावरचं दूध मिळून सहा महिन्यांपर्यंत भागतं. पुढची जबाबदारी वाटीतल्या घासावर येते. अंगावर पाजणं चालूच ठेवा, दोन वर्षं आणि त्यापुढंही.

तर आता वाटी.

तुम्ही सगळं लिहिलंत, पण पोरगी काय खाते हे एका शब्दानं लिहिलं नाहीत. म्हणून मी ओपीडीत नेहमी ऐकते तेच धरून चालते : सकाळी नाचणीचं सत्त्व, दुपारी वरणाचं पाणी, रात्री भाताची पेज. ऐकायला छान. पण वरणाचं पाणी म्हणजे डाळ खाली बसू दिल्यावर वरचं निवळ काढलेलं. डाळीतलं प्रथिन, लोह, झिंक खाली भांड्याच्या बुडाशी, आणि तो डाळीचा गोळा खाणार बाप. बाळाला मिळतं हळदीचं कोमट पाणी. पेजेचंही तेच. बाळाचं पोट तिच्या मुठीएवढं, ते पाण्यानं भरलं की दूधही कमी पिते.

एक चमचा भरून तिरका करा. ओघळलं तर पातळ आहे. चमच्याला धरून राहिलं आणि हळूच घसरलं, तर ठीक. डाळ-भात चमच्याच्या पाठीनं रगडून द्या, मिक्सरचं गुळगुळीत आता नको. नवव्या महिन्यात बारीक कण, मऊ गोळे जिभेनं फिरवायला शिकायचं वय असतं. दिवसातून तीन-चार वेळा, दर वेळी अर्धी वाटी, वर एक चमचा तूप किंवा घाण्याचं तेल.

नाचणीच्या सत्त्वाबद्दल जरा थांबून सांगते, कारण या एका नावाखाली दोन अगदी वेगळे पदार्थ फिरतात. एका प्रकारात नाचणी भिजवतात, वाटतात, फडक्यातून दूध गाळतात, ते निवळू देतात आणि खाली बसलेला पांढुरका साका उन्हात वाळवून त्याच्या वड्या फोडतात. चोथा टाकून देतात. पचायला हलकं, दिसायला देखणं, पण ते मुख्यतः पिठूळ भाग असतं. दाण्याच्या सालीतलं बरंच काही चोथ्याबरोबर गेलं. दुसऱ्या प्रकारात नाचणी रात्रभर भिजवून, उपसून, ओल्या फडक्यात बांधून ठेवतात. दीड-दोन दिवसांत मोड येतात. मग सावलीत वाळवायची, मोड चोळून झाडायचे, मंद आचेवर खमंग भाजायची, दळायची आणि बारीक चाळणीनं चाळायची. तुमच्या लेकीसाठी हा दुसरा.

कारण शिराझच्या त्या रोटीतच आहे. धान्याच्या सालीत फायटेट नावाचा पदार्थ असतो, तो झिंक आणि लोहाला पकडून ठेवतो, आतड्याला सोडत नाही. त्या तरुणाच्या रोटीत झिंक होतंच की, ते अंगी लागत नव्हतं. दाण्याला मोड आले किंवा पीठ आंबलं की दाण्यातलेच पाचक रस हे फायटेट फोडतात. आपल्या आज्यांना फायटेट माहीत नव्हतं, पण मोडाची मटकी, इडलीचं पीठ, ज्वारीची आंबील त्यांच्याच हातची. सोलापूर जिल्ह्यात बसून तुम्हाला आंबील मी सांगायची म्हणजे पंढरपूरकराला अभंग शिकवणं! रात्री ताकात भिजवलेलं ज्वारीचं पीठ सकाळी दाटसर शिजवा. बाळाच्या वाटीत मीठ-मिरची-लसूण नको, वर तूप घाला.

माळकरी घरात अंडं नाही, तर नाही. त्यावरून घरात वाद घालायची गरज नाही. अंड्याचा बलक, मटण यांतलं झिंक सहज शोषलं जातं, हे खरंय, म्हणून शाकाहारी वाटीत थोडी जास्त अक्कल घालावी लागते. तिळात १०० ग्रॅममागे ७ मिलिग्रॅमच्या आसपास झिंक, शेंगदाण्यात तीन, मूगडाळीत आणि नाचणीत अडीचच्या आसपास. बाळ काही १०० ग्रॅम तीळ खाणार नाही. पण भाजलेल्या तिळाची बारीक पूड चिमूट-चिमूट करत अर्ध्या चमच्यापर्यंत नेली, खिचडीत शेंगदाण्याचं कूट अगदी पीठ करून मिसळलं, दुपारी दही-भात, तर दिवसाचे तीन मिलिग्रॅम हळूहळू जमत येतात. अख्खा शेंगदाणा, फुटाणा मात्र हातात देऊ नका, श्वासनलिकेत अडकतो. शेंगदाणे कडवट किंवा बुरशीचा वास असलेले आजिबात नकोत. नवा पदार्थ एका वेळी एकच, तीन-चार दिवस बघून. चहात बुडवलेलं बिस्किट ही बाळाची न्याहारी नव्हे. हेही लिहिते कारण ते घरोघरी चालतं.

एक कबुलीही देते. नवीन प्रॅक्टिसमध्ये असताना ‘काहीतरी टॉनिक द्या हो’ म्हणणाऱ्या आयांना मीही झिंक लिहून दिलंय. खाण्याबद्दल दहा मिनिटं बोलण्यापेक्षा एक ओळ लिहिणं सोपं होतं, आणि बाहेर रांग असायची. त्याच काळात जुलाबाचं झिंक मात्र तिसऱ्या दिवशी बंद करून लोक परत यायचे : ‘थांबलं ना मॅडम, मग कशाला?’ ज्याला हवं त्याचं अर्धवट आणि ज्याला नको त्याचं वर्षभर, असा उलटा कारभार आजही चालू आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, आदल्या पंधरवड्यात जुलाब झालेल्या मुलांपैकी झिंक मिळालेली जेमतेम ३० टक्के निघाली.

आणि जुलाबात झिंक खरंच काम करतं. दिल्लीच्या वस्त्यांतल्या ९३७ मुलांवर झालेला प्रयोग १९९५ साली छापून आला, त्यात झिंक घेणाऱ्यांचे जुलाब लवकर आटोपले. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं ओआरएसच्या जोडीला झिंक घ्या असं सांगितलं. आपल्या कार्यक्रमात दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम, त्यापुढं २०, चौदा दिवस. अलीकडं दिल्ली आणि टांझानियात मिळून ४५०० मुलांवर पाहिलं गेलं, तेव्हा ५ किंवा १० मिलिग्रॅमही जुलाबावर २० इतकंच चाललं आणि उलट्या कमी झाल्या. म्हणून पुढच्या खेपेला तुमच्या डॉक्टरांनी निम्मं लिहिलं तर चुकून लिहिलं असं समजू नका.

तर पुन्हा जुलाब झाले, आणि रांगत्या बाळाला ते होतातच, तर ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सगळं एकदम. अर्धं पाकीट अर्ध्या तांब्यात, असा हिशेब नको. चोवीस तासांनी उरलेलं फेकून द्या. दूध आणि जेवण चालू. आशाताईंकडं झिंकची विरघळणारी गोळी मिळते, ती चमचाभर अंगावरच्या दुधात टाकली की मिनिटभरात विरते. चव धातूची लागते, म्हणून काहीतरी खाल्ल्यावर द्या. अर्ध्या तासात उलटून पडली तर पुन्हा एक. चौदा दिवस, आणि पंधराव्या दिवशी बंद. कॅलेंडरवर गोल करून ठेवा, दोन्ही बाजूंनी उपयोगी पडतो. बाळ पेंगुळलं, डोळे खोल गेले, पाणीही पिईना, सहा तास लघवी नाही किंवा शीमध्ये रक्त दिसलं, तर गोळ्या-पाकिटं बाजूला ठेवून थेट दवाखाना.

महिनोन्‌महिने झिंक लागणारी बाळंही असतात. काही कमी दिवसांची, कमी वजनाची जन्मलेली, त्यांचा हिशेब त्यांचे डॉक्टर वेगळा मांडतात. आणि एक दुर्मीळ जन्मजात आजार असतो, ज्यात आतड्याला झिंक शोषताच येत नाही. असं एक बाळ मी पाहिलंय. अंगावरचं तोडून वरचं दूध सुरू केल्यावर तोंडाभोवती आणि शीच्या जागी लालभडक, सोललेले चट्टे, केस विरळ, जुलाब थांबेनात, आणि दिवसरात्र किरकिर. तीन मलमं होऊन गेली होती. झिंक सुरू केल्यावर आठवड्याभरात ते आईकडं बघून हसलं. त्याला ते जन्मभर घ्यावं लागणार आहे. तुमच्या लेकीच्या कार्डावर आणि पत्रात असं काहीच नाही.

पुढच्या आठवड्यात नऊ महिने पूर्ण होताहेत, म्हणजे गोवर-रुबेलाची लस आणि जीवनसत्त्व ‘अ’चा पहिला डोस आहे. तेव्हा वजन आणि लांबी दोन्ही मोजून घ्या. फळीवर पाय सरळ धरायला सासूबाईंना सोबत न्या. तिसरी बाटलीही पिशवीत टाका, डॉक्टरांना लेबल दाखवा, किती दिवस दिलं ते सांगा, आणि येताना ती तिथंच ठेवून या.